डूगलचा हिवाळी ताप

जूनमधल्या, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, शेवटच्या शनिवारी रिपेका स्टुलावर चढून निजायच्या खोलीची भिंत घासत होती. हातात ब्रश, बादलीत ब्लीचचं पाणी, डोक्याला फडकं. भिंतीला बुरशी होती, नाही असं नाही. पण ब्लफ बंदरात बुरशी नसलेलं एक घर कुणी दाखवावंच. दक्षिणेचा वारा इथे येईपर्यंत मधे कुठे थांबत नाही आणि येताना निम्मा समुद्र बरोबर घेऊन येतो. सगळ्या गावाच्या भिंती काळ्या आणि सगळं गाव धडधाकट. आजारी काय तो एक तिचा नवरा. हे तिलाही दिसत होतं, पण आता घासायला घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

डूगल स्वयंपाकघरात चुलीशी बसला होता. त्याला खोकला आला की तिचा ब्रश थांबायचा, खोकला संपला की पुन्हा चालू व्हायचा. कोरडा, आखूड खोकला. त्यातून काही बाहेर पडत नव्हतं.

चार वर्षं हेच चाललं होतं. मे अर्धा झाला की सुरू आणि सप्टेंबर सरला की बंद. सकाळी उठायचा तोच कुडकुडत. अंगात ताप, सांधे ठणकतायत, छाती कुणी दोरखंडाने आवळल्यासारखी. संडास मागच्या अंगणात होता, तिथवर जाऊन येईपर्यंत त्याला दोनदा कुंपण धरावं लागायचं. दुपारी उतार पडायचा. रात्री जेवायला बसेपर्यंत माणूस जवळजवळ माणसात यायचा, एखादा विनोदही करायचा, आणि सकाळी पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. ऑक्टोबरमध्ये हाच गडी धक्क्यावर लोकरीचे गठ्ठे ढकलायला पहिला असायचा. पण दर हिवाळ्यातून तो थोडा कमी होऊन बाहेर पडत होता. मागच्या ऑक्टोबरात ताप गेला तरी धाप गेली नाही. कोट खांद्यावरून लोंबायला लागला.

पहिल्या वर्षी रिपेकाने काळजी केली. दुसऱ्या वर्षी देवाला साकडं घातलं. तिसऱ्या वर्षी ती डॉक्टरशी भांडली. या वर्षी ती नुसती घाबरलेली होती. हा मरणार, आणि कशाने मरतोय ते कळायच्या आत मरणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

गावातले डॉक्टर लायल म्हणजे भला माणूस. पहिल्या वर्षी ते फ्लू म्हणाले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, सिगारेट. डूगलने सिगारेट सोडली आणि इतका चिडका झाला की एस्थर, त्यांची मुलगी, आईला म्हणाली, "मी माझ्या खाऊच्या पैशातून आणून देते, पण याला ओढू दे बाई." तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी कुठेतरी काहीतरी वाचलं असावं. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "घरात पक्षी वगैरे पाळलेत का? पोपट, कबुतरं?"

"नाही हो," डूगल म्हणाला.

"एक मांजर आहे," रिपेका म्हणाली. "ते पक्षी राहू देईल का?"

तिघंही हसली, आणि डॉक्टरांनी दम्याचा फवारा लिहून दिला. फवाऱ्याने काही झालं नाही. तेव्हा त्यांनी रिपेकाला बाजूला घेतलं. "बाई, काही माणसांच्या मनाला हिवाळा लागतो."

"आणि थर्मामीटरच्या मनाला? त्यालाही लागतो का?" ती म्हणाली, आणि दार जरा जोरातच लावून बाहेर पडली.

धक्क्यावरच्या गड्यांचं निदान आणखी सोपं होतं. डूगल घरून येतो तेव्हा कण्हत येतो आणि बोचऱ्या वाऱ्यात दिवसभर काम केलं की बरा होतो, हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं. "तुला बायको सोसत नाही रे," ते म्हणायचे. "आमच्यासारखं दारू पिऊन घरी जात जा, काही जाणवत नाही." डूगलने हे हसत हसत घरी सांगितलं. रिपेका हसली नाही. तिने तो विनोद मनाला लावून घेतला.

आता ही रिपेका कोण, तेही सांगायला हवं. ती जन्माने ब्लफचीच. पंधराव्या वर्षी ती कालवं फोडायच्या शेडमध्ये उभी राहिली आणि सेहेचाळिसाव्या वर्षीही तिथेच उभी होती. सुरी कालवाच्या कोणत्या फटीत घालायची हे तिच्या हाताला कळायचं, तिला विचारावं लागायचं नाही. पण शेड ही पोटाची सोय. ती होती बेटाची. तिच्या आईच्या माओरी घराण्याकडे दक्षिणेतल्या एका लहानशा बेटाचा हक्क पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. मार्चअखेरीला होडीने तिथे जायचं, बिळांमधली तीती पक्ष्यांची गुबगुबीत पिल्लं धरायची, पिसं काढायची, मिठात घालायची आणि मेच्या मध्याला वर्षभराचं खाणं घेऊन परतायचं. तिच्या सेहेचाळीस वर्षांत एकही एप्रिल बेटाशिवाय गेला नव्हता. एस्थर पोटात होती तेव्हाही ती सातवा महिना घेऊन खडकावर उतरली होती आणि होडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

हा हक्क रक्ताने येतो. जावई आणि सुना घरच्यांच्या परवानगीने येतात आणि सांगतील ते काम करतात. डूगल आतल्या मुलखातल्या स्कॉटिश मेंढपाळाचा मुलगा. लग्नानंतर तो पहिल्यांदा बेटावर उतरला तेव्हा कुइनी मावशीने, म्हणजे रिपेकाच्या आईच्या धाकट्या बहिणीने, त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पिसं काढायच्या झोपडीत नेऊन बसवलं. बिळांकडे घरची माणसं जाणार, जावयाची जागा झोपडीत. त्या झोपडीत लव अशी उडते की समोर बसलेल्याचं तोंड दिसत नाही. सगळेच खोकतात आणि एकमेकांच्या खोकल्याला हसतात, रात्री अंग कसकसलं तर ती कामाची कसकस म्हणतात. दुसरा एखादा चार वर्षांत कुरकुरला असता. डूगल तेवीस वर्षं तिथेच बसला आणि पिसं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही. मावशी स्वतः म्हणायची, "स्कॉटिश आहे खरा, पण बोटं आपली आहेत."

आणि घरी रजई होती. रिपेकाच्या आजीने तिच्या लग्नासाठी शिवलेली, तीतीच्या पोटाकडच्या लवेची. उन्हाळ्यात ती कापूर घालून पेटीत जायची, बेटावरून परतलं की बाहेर निघायची. डूगल कुडकुडायला लागला तसं रिपेकाने दर वर्षी बेटावरून ताज्या लवेचं एक पोतं जास्त आणलं आणि रजईत भरलं. दोन उशाही केल्या. जितका त्याला ताप जास्त, तितकी रजई जाड. गळ्यापर्यंत ती ओढून, कडा नीट खोचून दिल्याशिवाय ती दिवा मालवत नसे. घरात तेवढीच एक गोष्ट तिच्या हातात होती.

या वर्षी बेटावरून परतल्यावर दहा दिवसांतच तो अंथरुणाला खिळला. जूनच्या सुरुवातीला त्याचा थोरला भाऊ मोटार घेऊन आला आणि त्याला आतल्या मुलखात आपल्या मेंढवाड्यावर घेऊन गेला. "इथल्या दमट हवेत मरेल तो," भाऊ म्हणाला. तिकडे बर्फ पडत होतं. डूगल लोकर कातरणाऱ्यांच्या खोलीत, गवताच्या गादीवर, घोंगड्या पांघरून झोपला. चौथ्या दिवशी फोनवर त्याचा आवाज ऐकून रिपेकाला आधी वाटलं, भाऊच बोलतोय.

"मी टेकडी चढून आलो," तो म्हणाला. "अगं, न थांबता."

दहाव्या दिवशी तो शीळ घालत घरी आला. तिसऱ्या सकाळी पुन्हा तोच ताप, तोच कुडकुडाट.

म्हणजे जे काही होतं ते घरात होतं. त्या दिवसापासून रिपेका घराच्या मागे हात धुऊन लागली. मांजर मावशीकडे धाडलं. चुलीचं धुराडं उतरवून साफ केलं. लाकडं ओली म्हणून फेकली आणि नवी आणली. कालवं घरी आणायची बंद केली. तरी ताप येतच राहिला. मग एके दिवशी धक्क्यावरचा तो विनोद तिला आठवला आणि तिने आपली गादी उचलून एस्थरच्या खोलीत नेली.

"हे काय नवीन?" डूगलने विचारलं.

"मी घोरते."

"तेवीस वर्षं घोरतेयस."

"म्हणूनच. आता तरी नीट झोप."

सबंध रजई तिने त्याच्या एकट्यावर घातली, दुहेरी करून. स्वतः आठ दिवस एस्थरच्या पायाशी आखडून झोपली आणि रोज सकाळी उठून आधी त्याच्या दाराशी कान लावून उभी राहिली. तो जास्तच खोकत होता. आपण नाही, हे कळून तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं. आपणच असतो तर निदान निघून तरी जाता आलं असतं.

कुइनी मावशी केकचा डबा घेऊन बघायला आली आणि तिने स्वयंपाकघरात बसून हळूच सांगितलं, "रागावू नकोस, पण बेटाला तो मानवत नाही. परका माणूस, इतकी वर्षं येतोय. बेट सांगतंय काहीतरी."

"तेवीस वर्षं का गप्प होतं मग?"

"तुझी जीभ तुझ्या आईची," मावशी म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

तर अशी रिपेका त्या शनिवारी स्टुलावर उभी होती. भिंतीचा कोपरा गाठायला ती वाकली, स्टूल कलंडलं, ती खिडकीला धरून वाचली, पण बादली पलंगावर उपडी झाली. ब्लीचचं सगळं पाणी रजईवर आणि उशांवर. रजई भिजून इतकी जड झाली की ती आणि एस्थर दोघींनी ती ओढत धुणीघरात नेली, खळखळून धुतली आणि दोरीवर टाकली. लव काही कापूस नाही. पाच दिवस ती ठिबकतच होती. तोवर डूगलला तिने सैन्यातल्या जुन्या घोंगड्या दिल्या, डोक्याखाली त्याचाच गुंडाळलेला कोट, आणि दहादा माफी मागितली.

सोमवारी सकाळी तो उठला आणि ताप नव्हता. मंगळवारी त्याने स्वतः लाकडं आत आणली. बुधवारी दोन अंडी आणि जाड पाव खाऊन तो म्हणाला, "अजून आहे का?" रिपेका धुणीघरात गेली, दार लावलं आणि ॲप्रन तोंडात कोंबून रडली. बुरशी! चार वर्षं एका बादलीभर ब्लीचवाचून माणूस मरत होता! तिने मावशीला फोन केला, शेडमधल्या बायकांना सांगितलं, डॉक्टर लायल रस्त्यात भेटले तर त्यांनाही सुनावलं. गुरुवारी रजई वाळली. तिने ती झटकली, चुलीपुढे ऊन केली, उशांना नवे अभ्रे घातले आणि रात्री मोठ्या कौतुकाने नवऱ्यावर पसरली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता त्याचे दात वाजत होते.

ती पलंगाच्या कडेवर बसली. भिंत स्वच्छ होती, पांढरी होती. तिने भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, मग आपला हात जिच्यावर टेकला होता तिच्याकडे. हात तिने झटकन उचलून घेतला.

पण आजीने शिवलेली रजई! सगळं घराणं त्या लवेत वाढलं. रिपेका स्वतः तिच्याखाली तेवीस वर्षं झोपली, एस्थर तिच्यात गुंडाळून वाढवली. कुणाला काही झालं नाही. तिला ते खरं वाटेना, आणि खोटं आहे असंही म्हणवेना. "शिवण उसवलीय," असं सांगून तिने रजई आणि उशा काढून घेतल्या. शनिवार गेला, रविवार गेला, आठवडा गेला. डूगल दर सकाळी आदल्या दिवसापेक्षा बरा उठत होता. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आतापर्यंत तिने लाकडांवर विश्वास ठेवला होता, मांजरावर ठेवला होता, बुरशीवर तर गावभर दवंडी पिटली होती. पुन्हा चुकले तर? पुढच्या हिवाळ्यापर्यंत हा राहील का?

मग तिने जे केलं ते तिने पुढे कधी स्वतःला माफ केलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता ती त्याला म्हणाली, "चर्चला नको येऊस. जरा पड. आजारातून उठलायस."

"झोप येत नाहीये मला."

"पड म्हटलं ना."

तिने त्याच्यावर रजई घातली. डोक्याखाली उशी दिली. रोजच्यासारख्या कडा खोचल्या. तो लगेच झोपला. ती चर्चला गेलीच नाही. स्वयंपाकघरात घड्याळासमोर बसली. बारा वाजता त्याला उठवून तिने जेवायला वाढलं. तो चांगला होता. एक वाजला, दोन वाजले. तो एस्थरशी पत्ते खेळत होता, हरत होता आणि भांडत होता. रिपेकाला वाटलं, चुकले मी, देवा, बरं झालं चुकले. साडेतीनला त्याने शाल मागितली. चार वाजता पत्ते त्याच्या हातातून गळले. पाच वाजता ओठ निळे पडले होते आणि तो टेबलाची कड धरून श्वास ओढत होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या गळ्याखाली खळगा पडत होता. एस्थर डॉक्टरांना आणायला धावली. रिपेकाने पलंगावरची रजई खेचली, मागच्या दाराने अंगणात नेली आणि पावसात टाकली. उशा टाकल्या. आत येऊन तिने हात कोपरापर्यंत साबणाने धुतले आणि मगच त्याला धरलं.

"ती रजई आहे, डूगल," ती म्हणाली. "तुझा आजार. ती रजई."

त्याला बोलायला वेळ लागला. "कधी कळलं?"

"त्या शुक्रवारी."

"मग आज सकाळी..."

"मला माहीत होतं. खात्री करायची होती. तुला सांगितलं नाही."

तो म्हणाला, "सांगायचं होतंस. मी स्वतः ओढून घेतली असती." आणि थोड्या वेळाने, "फसवून निजवलंस मला. टोपलीखाली कोंबडा झाकावा तसं." त्याने हसायचा प्रयत्न केला, त्याचा खोकला झाला. रिपेकाने त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मोठमोठ्याने रडली. दारात उभ्या असलेल्या डॉक्टर लायलना तिने पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी या वेळी वाद घातला नाही. त्यांनी त्या दोघांना डनीडनच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे छातीच्या विकारांच्या डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. रक्त घेतलं, फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. चौथ्या दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवलं. पक्ष्यांच्या पिसांनी होतो हा आजार, त्या म्हणाल्या. सगळ्यांना होत नाही. एखाद्याचं शरीर वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस सोसेनासं होतं. मग पिसांचा कण छातीत गेला की चार ते आठ तासांनी ताप येतो, म्हणून माणसाला संबंध लागत नाही.

"तुम्हाला कुणी कधी विचारलं नाही का, घरात पक्षी आहेत का म्हणून?"

विचारलं होतं. तिसऱ्या वर्षी विचारलं होतं, आणि ती हसली होती. घरात दोन डबे खारवलेले तीती होते, पलंगावर शेकडो तीतींची लव होती, आणि तिने सांगितलं होतं, एक मांजर आहे. तीती म्हणजे पक्षी हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पक्षी म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. तीती म्हणजे बेट, जेवण, एप्रिल. आणि दर जूनमध्ये अर्धा डझन तीती विकत घेऊन खाणाऱ्या डॉक्टर लायलच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"तेव्हा कळलं असतं तर?" तिने विचारलं.

"तेव्हा छाती बहुतेक पूर्ववत झाली असती," त्या म्हणाल्या. "आता निम्मी घट्ट झालीय. ती परत येणार नाही. जी उरलीय ती सांभाळायची. पिसं नकोत, लव नको. पिसांत वावरलेल्या माणसाचे कपडे नकोत, केससुद्धा नकोत."

परतीच्या गाडीत डूगल खिडकीतून मेंढ्या बघत होता. इन्व्हरकार्गिलच्या अलीकडे तो म्हणाला, "निम्मी म्हणजे वाईट नाही. धक्क्यावरचे गडी निम्म्या अकलेवर जगतात." रिपेका मनात वर्षं मोजत होती आणि प्रत्येक वर्षाला एक पोतं लव.

रजई अंगणातून कुइनी मावशी घेऊन गेली. "माझ्या आईने शिवलेली आहे, तिला चिखलात नाही ठेवायची," ती म्हणाली. मग दारात थबकून, "मी तुला म्हटलं होतं. बेटाला तो..."

"बेटाने काही केलं नाही, मावशी," रिपेका म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की कुंपणापलीकडच्या शेजारणीने खिडकी उघडली. "तुम्ही त्याला झोपडीत बसवलंत आणि मी त्याला घरी आणून पुन्हा त्याच झोपडीत निजवलं. दर वर्षी मी भरली ती रजई. या हातांनी भरली. बेटाचं नाव घेऊ नका."

मावशीने रजई काखेत घट्ट धरली आणि खाली मान घालून फाटकाबाहेर पडली.

डूगल त्या हिवाळ्यातून वाचला. ताप पुन्हा आला नाही. पण धक्का सुटला, टेकडी सुटली, आणि चुलीत लाकूड घालून परत खुर्चीत बसेपर्यंत त्याला दम लागायचा. मार्चमध्ये होड्यांची तयारी सुरू झाली तेव्हा तो तिला म्हणाला, "तू जा."

"आणि येताना काय आणू? केसांतून लव आणू तुझ्यासाठी?"

"आल्यावर अंघोळ करशील."

"तुला लाकडं कोण आणून देईल?"

"माझ्यापायी तुझं बेट सुटलं तर मी श्वास घेऊन करू काय?" तो ओरडला, आणि ओरडण्याने त्याला इतकी धाप लागली की तिला त्याची पाठ चोळत बसावं लागलं. विषय तिथेच संपला. दोघांनी पुन्हा काढला नाही. पण रिपेकाच्या घरातलं कुणी गेलं नाही तर तिच्या वाट्याचा बिळांचा पट्टा कुणाचा हे पुढे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून एस्थरला मावशीबरोबर पाठवायचं ठरलं. रिपेका धक्क्यावर गेली, मुलीची गाठोडी दिली, बेटावर आपण ज्या खडकावर बसायचो तो कुठला ते सांगितलं, आणि होडी दिसेनाशी झाल्यावरही तिथेच उभी राहिली. ओळखीच्या कुणीही तिच्याशी बोलायचं धाडस केलं नाही. मग ती सरळ शेडमध्ये गेली आणि संध्याकाळपर्यंत कालवं फोडत राहिली.

मेच्या मध्याला होडी परतली. एस्थर धक्क्यावरून धावतच घरी आली, तोंड उन्हावाऱ्याने काळवंडलेलं, हातांना ओरखडे. डूगल खुर्चीतून उठून दाराशी आला होता. त्याने हात पुढे केले. "आली गं माझी..."

"थांब!" रिपेका मधे शिरली. तिने मुलीला दोन्ही खांद्यांना धरून पायरीवरून मागे ढकललं. "पुढे येऊ नकोस. बापाला हात लावू नकोस."

एस्थरचा चेहरा पडला. डूगलचे हात तसेच राहिले. मग त्यानेच दार आतून लावून घेतलं.

रिपेकाने मुलीला धुणीघरात नेलं. कपडे काढून पिशवीत भरले, पिशवीचं तोंड बांधलं, बंबातलं गरम पाणी बादलीत काढलं. एस्थर बाकावर बसून भराभर सांगत होती. पूर्वेकडची बिळं भरलेली होती, झोपडीचं छप्पर उडालं होतं, मावशीने तिला पहिल्या दिवशी दहा वेळा रागावलं आणि शेवटच्या दिवशी एकदाही नाही. "आणि आई, तुझ्या खडकावर मी रोज बसले," ती म्हणाली. "तू सांगितलंस तो खडक. तिथून सगळं दिसतं."

रिपेकाने तिचे केस सोडले. केस चिकट झाले होते आणि मुळाशी करडी लव अडकली होती. साबण घ्यायला पुढे गेलेला हात तिने मागे घेतला. दोन्ही हातांत ते केस गोळा केले, त्यांत तोंड खुपसलं आणि पोटापासून श्वास घेतला. तेल, लाकडाचा धूर, ओली माती, पिसं.

"आई? काय करतेयस?"

"काही नाही," रिपेका म्हणाली. "डोळे मिट." आणि तिने मुलीच्या डोक्यावर गरम पाणी ओतलं.